प्रोसेसर आणि त्याची हत्यारे

कपडे धुण्याचे यंत्र, विजेचा डिजिटल मीटर, मोटारगाडीत इंधन मोजून सोडणारी योजना, दवाखान्यातील रक्तदाबमापक या सर्वांच्या पोटात आज एक छोटासा संगणक बसविलेला असतो. तांत्रिक भाषेत त्यास अंतःस्थापित प्रोसेसर म्हणतात. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, आणि यंत्राच्या मालकास पुष्कळदा त्याचे अस्तित्वही ठाऊक नसते. अशा प्रोसेसरांविषयी लिहिताना त्यांच्या वेगाचे आणि इवल्याशा आकाराचे कौतुक करण्याचा प्रघात पडून गेला आहे. परंतु शाळांचे व ग्रंथालयांचे लक्ष ज्या प्रश्नाकडे जावयास हवे, तो प्रश्न निराळाच आहे. ज्याला पडदा नाही आणि कळफलक नाही, त्याने काय करावयाचे हे त्यास सांगतो कोण, आणि कोणत्या हत्यारांनी?

उत्तर थोडक्यात असे की, सांगणारा दुसरीकडे बसलेला असतो. मेजावरच्या मोठ्या संगणकावर तो आज्ञावली लिहितो. ही आज्ञावली बहुधा सी या भाषेत असते. कंपायलर नावाची एक दुसरी आज्ञावली तिचे प्रोसेसरास समजणाऱ्या आज्ञांत भाषांतर करते. लिंकर हे निरनिराळे तुकडे जोडून प्रत्येकास स्मृतीतील पत्ता नेमून देतो. शेवटी सिद्ध झालेला आकड्यांचा संच तारेवाटे प्रोसेसरात उतरविला जातो. लिहिण्याची जागा, भाषांतर करणारा कंपायलर, जोडणारा लिंकर, उतरविणारा लोडर आणि चूक शोधून काढणारा डीबगर या साऱ्या हत्यारांच्या पेटीस मिळून विकास-परिसर असे म्हणता येईल. सुताराची पेटी जशी त्याच्या लाकडाहून निराळी, तशीच ही पेटी प्रोसेसराहून निराळी आहे. आणि लाकूड स्वस्त झाले म्हणून सुतार वाढत नाहीत!

आज्ञा लिहिल्या जातात एका यंत्रावर आणि पाळल्या जातात दुसऱ्यावर, या एका गोष्टीतून येथील बहुतेक अडचणी उद्भवतात. एक साधे उदाहरण घ्यावे. शाळांतून परिचित झालेल्या आर्डुइनो ऊनो या पाटीवर किती मिलिसेकंद लोटले हे सांगणारी सोय आहे. विद्यार्थी ती संख्या 'इंट' या साध्या पूर्णांकाच्या जागेत साठवितो. त्याचा दिवा अर्धा मिनिट अगदी शिस्तीत लुकलुकतो आणि मग एकाएकी बिघडतो. कारण त्या प्रोसेसरावर 'इंट' सोळा बिटांचा असून त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, आणि ३२,७६७ मिलिसेकंद म्हणजे पुरते तेहेतीस सेकंदही नव्हेत. हाच हिशेब मेजावरच्या संगणकावर बिनबोभाट चालतो, कारण तेथे 'इंट' बहुधा बत्तीस बिटांचा असतो. चूक विद्यार्थ्याच्या तर्कात नाही. दोन यंत्रांमधल्या फरकात आहे. तो फरक दाखवून देणारे हत्यार हाताशी नसेल तर विद्यार्थी दिव्यास, तारेस आणि शेवटी स्वतःच्या बुद्धीस दोष देऊ लागतो.

या हत्यारांचा इतिहास चिपांच्या इतिहासाएवढाच जुना आहे, पण तो फारसा सांगितला जात नाही. चंद्रावर माणसे नेणाऱ्या अपोलो यानातील संगणकाची स्थायी स्मृती अक्षरशः विणलेली होती. त्याच्या आज्ञावल्या अमेरिकेतील केंब्रिज येथे एमआयटीच्या प्रयोगशाळेत लिहिल्या जात आणि तेथील मोठ्या संगणकावर त्यांचे भाषांतर होई. त्यातून निघालेल्या छिद्रित फितीच्या आधाराने वॉल्थम येथील रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात कामगार स्त्रिया चुंबकीय कड्यांतून तार ओवीत. तार कड्यातून गेली की एक, बाजूने गेली की शून्य. असे ३६,८६४ शब्द विणले जात. विणून झाल्यावर चूक सापडली तर दुरुस्तीला आठवडे लागत. यास्तव विणण्यापूर्वीच यानाची, इंजिनांची आणि चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाची नक्कल मोठ्या संगणकावर उभी करून आज्ञावली तिच्यावर पारखावी लागे. हत्यारांवरचा खर्च ही चैन नसून गरज आहे, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

१९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ हा सुमारे २,३०० ट्रान्झिस्टरांचा प्रोसेसर विक्रीस आणला. त्याच वर्षी त्याच कंपनीतील डोव्ह फ्रोमन यांनी शोधलेली, जंबुपार किरणांनी पुसता येणारी स्मृती बाजारात आली. हिच्या पाठीवर स्फटिकाची एक चिमुकली खिडकी असे. आज्ञावलीत चूक निघाली की चिप काढावयाची, दिव्याखाली सुमारे वीस मिनिटे ठेवावयाची, पुसली गेल्यावर पुन्हा लिहावयाची आणि पुन्हा बसवावयाची. विणण्याच्या तुलनेत ही क्रांतीच होती. परंतु नव्या प्रोसेसरासाठी लिहिण्याची सोय तरीही अपुरी होती. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे नौदलाच्या शाळेत शिकविणारे गॅरी किल्डॉल यांनी ती ओळखली आणि इंटेलसाठी पीएल/एम ही भाषा व तिचा कंपायलर तयार केला. हा कंपायलर फोरट्रानमध्ये लिहिलेला असून मोठ्या संगणकावर चाले. छोट्या प्रोसेसरात त्यास सामावून घेण्याची ऐपतच नव्हती. पुढे १९७५ च्या सुमारास प्रोसेसरच्या जागी केबलीने जोडलेले दुसरे उपकरण खोचून, यंत्र चालू असतानाच त्यास हव्या त्या आज्ञेवर थांबविण्याची युक्ति निघाली. तिला इन-सर्किट एम्युलेटर म्हणत. अशी उपकरणे महाग असत. सामान्य महाविद्यालयास ती परवडण्यासारखी नव्हती, आणि ज्याच्याजवळ ती नव्हती त्याने दिवा लागला की नाही एवढ्यावरून आत काय घडत आहे याचा अंदाज बांधावा, अशी स्थिती होती.

आत काय घडते हे बाहेरून पाहता येणे किती मोलाचे असते, याचे सर्वोत्तम उदाहरण मंगळावरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. थोड्याच दिवसांनी त्याचा संगणक आपण होऊन पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. पासाडेना येथील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेच्या अभियंत्यांजवळ यानाच्या संगणकाची हुबेहूब प्रत होती. शिवाय व्हीएक्सवर्क्स या कार्यप्रणालीतील घटनांची क्रमवार नोंद ठेवणारी सोय त्यांनी आज्ञावलीतून काढून टाकलेली नव्हती. प्रतीवर तोच बिघाड घडवून आणताच नोंदीत कारण दिसून आले. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कनिष्ठ कामाने एक कुलूप धरून ठेवले होते. अत्यंत तातडीचे काम त्या कुलपासाठी खोळंबले होते. आणि दोहोंच्या मधल्या दर्जाची कामे कनिष्ठ कामास पुढे सरकू देत नव्हती. तातडीचे काम वेळेत पुरे झाले नाही की रखवालदार घड्याळ सारा संगणक नव्याने सुरू करी. कुलूप धरणाऱ्यास तेवढ्यापुरता वरचा दर्जा देण्याची सोय कार्यप्रणालीत होती, फक्त ती बंद ठेवलेली होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरून एक छोटा फेरफार पाठवून ती चालू केली आणि बिघाड थांबला. येथे श्रेय प्रोसेसरचे नाही. उड्डाणाच्या आज्ञावलीतही चूक शोधण्याची हत्यारे राहू देणाऱ्या दूरदृष्टीचे ते श्रेय आहे. काटकसरीच्या नावाखाली ती काढून टाकली असती, तर एका चांगल्या मोहिमेचे काय झाले असते कोण जाणे.

हत्यारांचा विचार प्रोसेसर घडवितानाच व्हावयास हवा, हे ज्यांनी ओळखले त्यांत नॉर्वेतील ट्राँडहाइम येथील आल्फ-एगिल बोगेन व वेगार्ड वोलान या दोन तरुणांची नावे घेतली पाहिजेत. त्यांच्या कल्पनेतून एव्हीआर ही मायक्रोकंट्रोलरांची मालिका १९९० च्या दशकात अॅटमेल कंपनीने आणली. तिची रचना चालू असतानाच स्वीडनमधील आयएआर या कंपायलर बनविणाऱ्या कंपनीशी विचारविनिमय झाला, आणि कंपायलर लिहिणाऱ्यांच्या अडचणी ऐकून प्रोसेसरच्या काही आज्ञा बदलण्यात आल्या. चिप बनविणाऱ्याने भाषांतरकाराचे ऐकावे, ही घटना तशी दुर्मिळच! याच मालिकेतील एटीमेगा३२८ हा आठ बिटांचा मायक्रोकंट्रोलर, ३२ किलोबाइट आज्ञास्मृती व अवघी २ किलोबाइट कामाची स्मृती घेऊन, पुढे आर्डुइनो ऊनो या पाटीवर बसला आणि जगातील असंख्य शाळांत जाऊन पोहोचला.

आर्डुइनोचा जन्म २००५ चा, इटलीतील इव्रेआ या गावचा. ऑलिव्हेटी कंपनीच्या टंकयंत्रांमुळे प्रसिद्धी पावलेले हे गाव. तेथील एका अभिकल्प-संस्थेत कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही प्रोसेसर वापरता यावा म्हणून मास्सिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पाटी व तिचा विकास-परिसर तयार केला. त्याच संस्थेत एर्नांदो बारागान यांनी आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी रचलेली वायरिंग नावाची योजना या कामाचा पाया होती. हे नाव मात्र वारंवार गाळले जाते. नव्या परिसरात पाटी तारेने जोडावी, आज्ञा लिहाव्यात आणि एक कळ दाबावी, एवढेच काम उरले. कळेच्या मागे चालणारा कंपायलर मात्र नवा नव्हता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये सर्वांस खुला केलेला जीएनयू कंपायलर एव्हीआरसाठी अगोदरच उपलब्ध झाला होता, आणि तो वापरण्यास, बदलण्यास व वाटण्यास कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. ज्या कळेचे जगभर कौतुक झाले, तिच्यामागे या खुल्या श्रमांचा मोठा साठा होता.

या कळेवर टीका करणारे म्हणतात की, तिने विद्यार्थ्यांस आंधळे केले. या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धे आहे. आर्डुइनोत दिवा लावण्याची जी सोपी आज्ञा आहे तिला कित्येक मायक्रोसेकंद लागतात. तेच काम प्रोसेसरच्या मूळ आज्ञेने सोळा मेगाहर्ट्झच्या घड्याळावर दोन ठोक्यांत, म्हणजे मायक्रोसेकंदाच्या एक-अष्टमांश भागात होते. हा फरक विद्यार्थ्यापासून झाकला जातो हे खरे. परंतु हे झाकण कुलूपबंद नाही. परिसराच्या पसंती-पानावर सविस्तर वृत्तान्त दाखविण्याची एक चौकट आहे. तिच्यावर खूण करताच कळेच्या मागे कोणकोणत्या आज्ञा चालतात, कोणत्या फायली भाषांतरित होतात, हे सारे पडद्यावर उमटते. शिक्षकाने ती चौकट पहिल्या दिवशी नव्हे, पण दुसऱ्या महिन्यात तरी उघडली पाहिजे. सोप्या हत्याराने आरंभ करण्यात कमीपणा नाही. त्याचे झाकण कधीच न उघडण्यात मात्र नुकसान आहे.

आता आपल्या देशाकडे वळावे. २०१६ पासून अटल नवोपक्रम अभियानाखाली शाळांतून प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्यांची संख्या दहा हजारांवर गेली, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांतून आणखी पन्नास हजार उभारण्याचा संकल्प जाहीर झाला. हे स्वागतार्ह आहे. परंतु अशा योजनांत मोजणी होते ती पाट्यांची, संवेदकांची आणि मेजांची, कारण त्या वस्तू मोजता येतात. विद्यार्थी ज्या परिसरात लिहितो तो परिसर, त्याची पुस्तिका, त्याचे चूक-संदेश यांचा हिशेब ठेवण्यास सोयीचा रकाना कोठेच नसतो. कपाटात कुलूप लावून ठेवलेली पाटी आणि हत्यार न समजल्यामुळे बाजूस पडलेली पाटी यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीने भेद तो कोणता?

प्रोसेसर स्वदेशी झाला म्हणजे हा प्रश्न सुटेल, असा एक समज आहे. त्याची परीक्षा आपल्याच दोन उदाहरणांवर करावी. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २०२५ मध्ये विक्रम ३२०१ हा बत्तीस बिटांचा प्रोसेसर जाहीर केला. प्रक्षेपकांत २००९ पासून वापरल्या गेलेल्या सोळा बिटांच्या विक्रम १६०१ चा हा वारस होय. त्याचा आज्ञासंच संस्थेचा स्वतःचा आहे. म्हणूनच अदा भाषेचा कंपायलर, असेंब्लर, लिंकर, सिम्युलेटर आणि विकास-परिसर हे सारे संस्थेस स्वतःच घडवावे लागले. सी भाषेचा कंपायलर त्या वेळी अद्याप तयार होत होता. प्रक्षेपकासारख्या कामी एवढे कष्ट सार्थ आहेत, कारण तेथे प्रत्येक हत्याराची खात्री स्वतः करून घ्यावी लागते आणि वापरणारे मोजके व निष्णात असतात. मद्रासच्या आयआयटीतील शक्ती प्रोसेसरांनी दुसरी वाट धरली. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात २०१० मध्ये आरंभ झालेला रिस्क-फाइव्ह हा खुला आज्ञासंच त्यांनी स्वीकारला. जीएनयू कंपायलरासह अनेक हत्यारे या आज्ञासंचासाठी जगभरच्या लोकांनी मिळून सिद्ध केलेली असल्याने ती शक्तीस आयती लाभली. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, वेगा मालिकेतील आपल्या प्रोसेसरावर आधारलेल्या एरीज पाट्या तर सरळ आर्डुइनोच्या परिसरातून वापरता येतील अशी व्यवस्था केली. शाळांच्या दृष्टीने ही दुसरी वाट निःसंशय उजवी आहे. ऊनोवर शिकलेला विद्यार्थी एरीजवर आला तर त्यास हत्यारांची पेटी नव्याने ओळखून घ्यावी लागत नाही.

बंदिस्त हत्यारांचीही एक बाजू आहे, आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोटारगाडीचे ब्रेक किंवा रुग्णाच्या शरीरात औषध सोडणारा पंप यांच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यास प्रमाणित कंपायलर लागतो, आणि प्रमाणित करण्याचा खर्च कोणीतरी भरून काढावाच लागतो. पण शाळेचे काम निराळे. १९८० सालच्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरसाठी एका नावाजलेल्या व्यापारी कंपायलरची जी विनामूल्य आवृत्ती अनेक महाविद्यालयांत वापरली गेली, तिच्यावर भाषांतरित आज्ञावलीसाठी दोन किलोबाइटांची मर्यादा होती. एवढ्या जागेत धडे बसतात, प्रकल्प बसत नाही. उलट संदीप दत्ता यांनी आरंभिलेला आणि पुढे अनेकांनी वाढविलेला एसडीसीसी हा खुला कंपायलर त्याच ८०५१ साठी अशी कोणतीच मर्यादा न घालता उपलब्ध आहे. तो व्यापारी कंपायलराइतकी आटोपशीर आज्ञावली नेहमीच देतो असे नाही. विद्यार्थ्याच्या कामी ते खपून जाते. खुल्या परवान्याचा आणखी एक लाभ २०२५ मध्ये सर्वांच्या ध्यानात आला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात क्वालकॉम या बलाढ्य चिप-कंपनीने आर्डुइनो विकत घेण्याचा करार जाहीर केला, तेव्हा पुढे काय होणार अशी चर्चा सर्वत्र झाली. मालक पुढे काय करील हे मालकास ठाऊक. परंतु जी आज्ञावली एकदा खुल्या परवान्याखाली दिली गेली ती कोणासही जतन करता येते आणि पुढे चालविता येते. सरकारी पैशाने शाळांसाठी जे घेतले जाते, त्यास ही अट असलीच पाहिजे.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. सातव्या इयत्तेतील मुलाने एका ओळीच्या अखेरीस अर्धविराम गाळला की कंपायलर इंग्रजीत कुरकुरतो, आणि तीही बहुधा पुढच्या ओळीकडे बोट दाखवून. मुलाची चूक एका चिन्हाची असते. अडथळा मात्र संपूर्ण वाक्याचा होतो. वास्तविक जीएनयू कंपायलराचे संदेश मूळ आज्ञावलीपासून वेगळ्या सूचीत ठेवलेले असतात, ते भाषांतर व्हावे याच हेतूने. जर्मन, फ्रेंच, जपानी इत्यादी भाषांतून ती भाषांतरे झालेलीही आहेत. नवशिक्याच्या वाट्यास पुन्हा पुन्हा येणारे संदेश मोजकेच असतात. तेवढ्यांचे जरी मराठी, तमिळ, उडिया, आसामी भाषांत सुबोध भाषांतर झाले आणि प्रत्येकासोबत एकेक उदाहरण दिले, तर होणारा लाभ आणखी एका नव्या पाटीने होणाऱ्या लाभाहून खचित मोठा ठरेल. त्यास कारखाना लागत नाही, परकीय चलन लागत नाही. भाषा जाणणारा आणि यंत्र जाणणारा अशा दोघांनी काही महिने एकत्र बसावे लागते. 'अनपेक्षित चिन्ह' असे कोरडे शब्दांतर मात्र टाळावयास हवे. 'या ओळीच्या आधी अर्धविराम राहिला असावा' असे सांगितले तरच मूल हात पुढे करील.

ज्या प्रयोगशाळेत आज केवळ पाट्या आहेत, तिला उद्या एक पाठ घेता येण्यासारखा आहे. आज्ञावली भाषांतरित झाल्यावर जी फाइल प्रोसेसरात उतरते, ती आर्डुइनोच्या परिसरातून बाहेर काढून साध्या लेखन-आज्ञावलीत उघडता येते. तिची प्रत्येक ओळ विसर्गासारख्या दोन टिंबांनी सुरू होते. त्यानंतर ओळीतील बाइटांची संख्या, त्यांचा पत्ता, प्रत्यक्ष आज्ञा आणि अखेरीस पडताळ्याचा एक आकडा असतो. इंटेलने ही लिपी १९७० च्या दशकात कागदी फितीच्या काळी ठरविली आणि ती अद्याप वापरात आहे. एका ओळीतील सर्व बाइटांची पडताळ्याच्या आकड्यासह बेरीज करावी. तिचे शेवटचे आठ बिट शून्य आले पाहिजेत. ही बेरीज मुलांनी फळ्यावर, खडूने करावयाची आहे.